मासे वर आले, म्हणजे नेमकं काय झालं?

शहापूर-मुरबाडकडे गुराचं दुखणं ओळखायला डॉक्टर लागत नाही. बैलाने रवंथ थांबवलं, गायीने वैरण हुंगून सोडली, की घरातली म्हातारी ओसरीवर बसूनच काय झालंय ते सांगते. माशाच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याकडे नाही. आपल्याला मासा पकडायचा आणि शिजवायचा ठाऊक. पहिल्या पावसाने ओहोळ वाहू लागले की चढणीचे मासे धरायला रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खं गाव बाहेर पडतं. तो मासा आजारी आहे का, असा प्रश्न कुणाला पडण्याचं कारणच नव्हतं.

2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगावी तळी खोदली गेली. भात आणि भाजीसाठी साठवलेल्या पाण्यात लोकांनी कटला, रोहू, मृगळ सोडले. मासा पाळीव झाला, पण त्याचं दुखणं ओळखणारं माणूस गावात तयार झालं नाही. म्हणून मासे वर आले की शेतकरी आधी खतं-औषधांचं दुकान गाठतो आणि मिळेल ती बाटली तळ्यात ओततो. मी स्वतः तळ्यात मासे वाढवतो, आणि कुणी बोलावलं तर त्याच्या तळ्यावरही जातो. माझं सांगणं एवढंच आहे की निदान आधी आणि बाटली नंतर. निदानाचा निम्मा भाग तर माशाला हात न लावता, काठावर उभं राहूनच होतो.

1. आधी वेळ विचारा

मला येणारे बहुतेक फोन पहाटेचे असतात. “दादा, मासे वर आलेत, तोंड उघडं टाकून फिरतायत.” मी पहिलं विचारतो, काल संध्याकाळी असं होतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर रोग जवळजवळ नाहीच. पाण्यातला प्राणवायू संपलेला आहे.

हिरवं पाणी दिवसा उन्हावर प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे सगळे मिळून तो खात असतात. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या आधी तो सर्वांत कमी असतो. लिटरमागे 5 मिलिग्रॅम असेल तर मासा सुखात असतो, 3 च्या खाली गेला की तो वर येतो. श्रावणात सलग ढगाळ दिवस गेले की हा प्रकार हमखास होतो, आणि एप्रिल-मेमध्येही होतो, कारण तापलेलं पाणी मुळातच प्राणवायू कमी धरतं.

इथे एक मोठी फसगत होते. शेतकरी आठ वाजता औषध टाकतो, दहा वाजता मासे खाली जातात, आणि औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं. ते काम उन्हाने केलेलं असतं. दुसऱ्या पहाटे मासे पुन्हा वर येतात आणि शेतकरी दुसरी बाटली आणतो. त्याऐवजी पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात सोडावं, दोन दिवस खाद्य आणि शेण बंद ठेवावं. पंप नसेल तर बांबूने पाणी झोडपलं तरी काही मासे वाचतात.

पाणी फार दाट झालंय का, हे बघायला यंत्र लागत नाही. सकाळी उन्हात हात कोपरापर्यंत बुडवावा. तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगट बुडताच बोटं दिसेनाशी झाली, आणि ते मातीने नव्हे तर हिरवेपणाने, तर त्या तळ्याची पहाट धोक्याची.

2. कोण मेलं, त्याहीपेक्षा कोण जगलं ते बघा

ही माझी सर्वांत आवडती कसोटी आहे, आणि ती आपल्याच भागात जास्त उपयोगी पडते. आपल्या तळ्यांत पावसाळ्यात ओहोळाच्या पाण्याबरोबर मरळ आणि गावठी मांगूर शिरतात. शेतकरी त्यांना शिव्या देतो, कारण मरळ बोटुकली खातो. पण तळ्यात मरतूक झाली की हाच मरळ साक्षीदार होतो.

मरळ आणि मांगूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. पाण्यातला प्राणवायू संपला तर कटला, रोहू पटापट मरतात आणि मरळ मजेत फिरत असतो. कटला मेला, मरळ जगला, तर दोष प्राणवायूचा. अशा वेळी मोठे मासे आधी मरतात, लहान तग धरतात, हीसुद्धा खूण आहे.

मरळही मेला, मुठे काठावर उलटे पडले, पाण्यावर पळणारे किडे दिसेनासे झाले, बेडूक गप्प झाले, तर ते विष आहे. भातावर फवारणी झाली आणि पाठोपाठ जोराची सर आली, की वरच्या खाचरातलं पाणी तळ्यात उतरतं. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माणसाला आणि गुराला जितकी घातक, त्याच्या कितीतरी पट माशाला घातक असतात. असे मासे वेड्यासारखे सुसाट पळतात, झटके देतात, कुशीवर होतात आणि काही तासांत सगळं संपतं. त्यावर उतारा नाही. येणारं पाणी बंद करायचं आणि असेल तर स्वच्छ पाणी सोडायचं, एवढंच हातात असतं. गेळाची फळं कुटून मासे धरण्याची जुनी रीत जंगलपट्टीत माहीत आहे. वरच्या डोहात कुणी ती केली असेल, तर खालच्या तळ्यात तेच चित्र दिसतं. म्हणून तळ्यावर गेलो की मी आधी ओहोळाने थोडं वर चालत जातो.

आणि मरळाच्याच अंगावर आधी जखमा दिसल्या, तर मामला तिसराच. तो पुढे सांगतो.

3. रोजचा आकडा लिहा

एका रात्रीत शंभर मेले आणि मग थांबले, तर पाणी. आज दोन, उद्या पाच, परवा बारा, तर संसर्ग. हा फरक फक्त वहीत कळतो. घरच्यांना विचारलं तर “मरतायत रोज थोडे थोडे” एवढंच उत्तर मिळतं. कॅलेंडरच्या चौकटीत आकडा मांडला तरी पुरे, मात्र मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढावेत, नाहीतर कालचे आज मोजले जातात.

4. मेलेला नको, मरायला टेकलेला हातात घ्या

फुगून वर आलेल्या माशावरून काहीच कळत नाही. मेल्यावर तास-दोन तासांत कल्ले पांढरे पडतात, डोळे गढूळ होतात, पोट फुगतं, म्हणजे नुसत्या मरणाच्या खुणा रोगाच्या वाटू लागतात. काठाशी सुस्त पडलेला, हाताची चाहूल लागूनही न पळणारा मासा झोळीने काढावा. हात ओले करूनच तो धरायचा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं कवच असतो.

ओल्या गोणपाटावर त्याला कुशीवर ठेवा. डाव्या हाताच्या अंगठ्याने कल्ल्यावरचं झाकण अलगद उचला, उन्हाकडे तोंड करा. आत एकावर एक लाल कंगवे रचलेले दिसतील. निरोगी माशाचा रंग ताज्या रक्तासारखा, दाते सुटे आणि स्वच्छ असतात. कल्ला फिका गुलाबी असेल तर माशात रक्त उरलेलं नाही. बहुधा कुणीतरी रक्त पिणारा त्याच्या अंगावर आहे. चॉकलेटी-तपकिरी असेल तर पाण्यात नायट्राइट वाढलंय, रक्तात प्राणवायू धरण्याची ताकद उरलेली नाही. असा मासा भर दुपारी, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही वर येतो. त्यावर साधं मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. दात्यांची टोकं झडलेली, राखाडी, चिकट झालेली असतील तर कल्ला सडतोय किंवा त्यात सूक्ष्म परजीवी बसलेत. ते सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरत नाही.

मग अंग बघा. खवले उभे राहिलेत आणि पोट पाण्याने तट्ट फुगलंय, तर आतल्या अवयवांना जिवाणूंची बाधा झाली आहे. हा मासा सहसा वाचत नाही, पण इतरांसाठी इशारा असतो. पर आणि शेपटीची कड पांढरी होऊन झिजत असेल तर पाणी घाण आहे किंवा गर्दी जास्त आहे. कापसाचे पुंजके दिसले तर ती बुरशी, आणि ती बहुधा जुन्या जखमेवर बसते. जाळं ओढल्यानंतर आठवडाभरात बुरशी दिसली तर दोष जाळ्याच्या ओरखड्यांचा.

5. मासा अंग घासतोय

मासे बांबूला, दगडाला, प्लॅस्टिकच्या कडेला अंग घासतात, मधूनच पाण्याबाहेर उडी मारतात. लोक म्हणतात, मासे खेळतायत. खेळत नसतात, त्यांना उवा झालेल्या असतात. शास्त्रीय नाव आर्ग्युलस. अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा चपटा, गोल, काचेसारखा जीव. इतका पारदर्शक की माशाच्या अंगाचाच डाग वाटतो. नखाने हलकेच सरकवून बघा. डाग असेल तर राहील, ऊ असेल तर चालू लागेल. परांच्या मुळाशी आणि कल्ल्याच्या झाकणामागे आधी शोधा. रोहू-कटल्याला तिचा त्रास फार.

दुकानात हिच्यासाठी जहाल कीटकनाशकं दिली जातात. ती अंदाजाने टाकली तर उवेआधी मासा जातो, आणि अंड्यांवर त्यांचा परिणामही होत नाही. उवेची एक सवय मात्र आपल्या कामाची आहे. ती माशाला सोडून कडक पृष्ठभागावर ओळीने अंडी घालते. तळ्यात लाकडी फळ्या आणि बांबूचे तट्टे उभे रोवावेत आणि दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात वाळवावेत. अंडी सुकून मरतात. काम सावकाश होतं, महिना-दोन महिने चिकाटी लागते, पण खर्च नाही आणि माशात विष उतरत नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात तर हे करायलाच हवं, कारण तिथे अंड्यांना दुसरा कडक पृष्ठभाग म्हणजे प्लॅस्टिकच असतं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या कडा झाडूने घासून घ्याव्यात.

अंगातून दोऱ्यासारखा तंतू लोंबत असेल तर तो वेगळा परजीवी, लर्निया. तो नुसता ओढून काढू नये. डोकं आत तुटून राहतं आणि जखम चिघळते.

6. लाल चट्टे आणि चढणीचे मासे

थंडी पडू लागली की तळ्यावर चक्कर मारताना मी काठाच्या उथळ पाण्यात बघत चालतो. मरळ, खवली असे रानमासे तिथे दिसतात. त्यांच्या अंगावर लाल ठिपका, मग उघडी जखम, मग हाडापर्यंत गेलेला खड्डा दिसला तर तो ईयूएस हा व्रणरोग असण्याची शक्यता मोठी. तो पाण्यातल्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. जपानमध्ये 1971 साली पहिल्यांदा नोंदला गेला आणि 1988 मध्ये भारतात ईशान्येकडून शिरला. त्याला थंड पाणी मानवतं. तापमान 18 ते 22 अंशांवर आलं की जोर धरतो.

आपल्याकडे तो तळ्यात येण्याची वाट सरळ आहे. पावसाळ्यात खाचरांचं आणि ओहोळाचं पाणी मासे घेऊन तळ्यात येतं, आणि चार महिन्यांनी रोग डोकं काढतो. म्हणून पाणी आत येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवणं हेच खरं औषध. ती पाचोळ्याने तुंबते, भर पावसात जाऊन साफ करावी लागते, म्हणून लोक काढून टाकतात. काढू नका.

तळं आटवता आलं तर उन्हाळ्यात ते पूर्ण वाळवावं. आटत नसेल आणि रानमासे काढायचे असतील तर मोहाची पेंड वापरावी. मोहट्यांचं तेल काढून उरलेली ही पेंड आपल्या पट्ट्यात नवी नाही. हेक्टरी एक मीटर पाण्याला 2,500 किलो हे प्रमाण. जुने मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि पेंडीचं खत होतं. तोवर बोटुकली सोडायची नाहीत.

रोग आलाच तर चुना, आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे ‘सीफा’ने तयार केलेलं सीफॅक्स. हा रोग माणसाला होत नाही. तरीही जखमी मासा बाजारात नेऊ नये, कारण अशा जखमांत इतर जिवाणू वाढलेले असतात.

7. चुना सगळ्यावर चालत नाही

आपल्याकडे माशाला काहीही झालं की चुना. थंडीआधी हेक्टरी 200 किलोच्या हिशोबाने, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या तळ्याला 18 किलो, चांगलाच. पण उन्हाळ्यात हिरव्यागार तळ्याचा सामू दुपारी 9 वर गेलेला असतो. तळात साठलेल्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया निघत असतो, आणि सामू जितका जास्त तितका अमोनिया जहाल होतो. तेव्हा चुना टाकणं म्हणजे माशाच्या जिवावर उठणं. सामूच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात. सकाळ-दुपार दोनदा बघा आणि मगच पोतं फोडा.

8. मिठाच्या पाण्यातला मासा

शहापूर-आसनगावकडे नव्या वसाहतींत हल्ली समुद्री माशांच्या टाक्याही दिसतात. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले रंगीत मासे आणि पाकिटातलं मीठ विरघळवून केलेलं लिटरमागे 35 ग्रॅम क्षाराचं पाणी. हौस मोठी, खर्चही मोठा. तिथे सर्वांत जास्त बोलबाला पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले ठिपके सारखे दिसले तरी जीव वेगवेगळे असतात, वागणूक मात्र एकच. ठिपका अंगावरून गळतो, लोक म्हणतात मासा बरा झाला. तो बरा झालेला नसतो. गळलेला परजीवी तळाशी कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतं, म्हणून ते मध्येच सोडता येत नाही.

याहून वाईट म्हणजे खाऱ्या पाण्यातला मखमली रोग. त्यात धुळीसारखा थर अंगावर दिसण्याआधीच मासा धापा टाकतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. समुद्री मासा ठिपक्यांशिवाय जलद श्वास घेताना दिसला तर ठिपक्यांची वाट बघू नये. या रोगांवरच्या औषधातलं तांबं प्रवाळ आणि कोळंबी मारतं, तेव्हा उपचार वेगळ्या टाकीतच करावेत. नवा मासाही चार ते सहा आठवडे वेगळा ठेवावा. तळ्यावरच्या माणसाने टाकीवाल्याकडून उचलावी अशी ही सवय आहे.

9. खाद्याची पिशवी

भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड भोकं पाडलेल्या पिशवीत भरून बांबूला टांगा. संध्याकाळी पिशवी जड लागली तर मासे खात नाहीयेत. कुठलीही खूण दिसण्याआधी ही खूण दिसते.

10. बाटलीआधी गणित

30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं म्हटलं की लोक 2,700 घनमीटर पाणी धरतात. काठ उतरते असतात. उतार 1:1.5 धरला तर काठोकाठ भरलेल्या तळ्यात दोन हजारांच्या आत पाणी असतं, आणि मार्चमध्ये दीड मीटर उरलं की जेमतेम आठशे. हेक्टरी एक मीटर पाण्याला एक लिटर असं प्रमाण असलेलं औषध मार्चमधल्या त्या तळ्याला सुमारे 80 मिलिलिटर पुरतं. लोक पूर्ण बाटली ओततात.

प्रतिजैविकांबद्दल स्पष्टच बोलतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान खाण्याच्या माशाला द्यायला बंदी आहे, मॅलाकाइट ग्रीनलाही परवानगी नाही. तरी ‘माशाची पावडर’ म्हणून बिननावाच्या पुड्या फिरतात. ज्या पुडीवर घटकाचं नाव नाही ती तळ्यात टाकू नये. तो मासा आपल्याच ताटात येणार असतो.

11. बोटुकली घेताना

पिशवीतल्या बोटुकलींना लगेच पाण्यात सोडू नका. पिशवी तळ्यात अर्धा तास तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी मिसळा. सोडण्याआधी लिटरमागे 20 ते 30 ग्रॅम मिठाच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून काढा. कलंडू लागली की लगेच बाहेर. बरेच बाहेरचे परजीवी इथेच गळतात.

12. आपल्याला नाही कळलं, तर

कल्ल्यातले परजीवी आणि आतली जिवाणूबाधा डोळ्यांना दिसत नाही. तिथे अंदाज चालवू नये. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 पासून आहे, म्हणजे माशांच्या रोगांची जाणकार माणसं आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणपर्यंत यावं लागतं, तरी सकाळी निघालं तर दुपारी पोहोचता येतं. आधी फोन करून विचारावं. आजारी पण जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावा. ते जमत नसेल तर नुकताच मेलेला बर्फात, पण गोठवलेला नको. पाण्याची बाटली वेगळी. सोबत ती वही, ज्यात रोजचा आकडा, खाद्य आणि टाकलेलं सगळं लिहिलेलं आहे. शिवाय 2023 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲप आणलंय. त्यावर फोटोसकट माहिती पाठवता येते. मत्स्यव्यवसाय विभागाच्या ठाण्याच्या कार्यालयालाही कळवावं.

एक विनंती. मेलेले मासे ओहोळात टाकू नका. आपला ओहोळ भातसाला किंवा काळूला मिळतो, भातसा काळूला आणि काळू उल्हासला. वाटेत किती तळी, किती गावं त्याच पाण्यावर आहेत. तळ्यापासून लांब कमरेएवढा खड्डा काढा, मासे टाका, वर चुना पसरा आणि माती लोटा.